लॅव्हेंडरचे तेल : थेंबभर सुगंध, ओंजळभर सावधगिरी

वाचकहो, गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींच्या औषधांच्या पिशवीत एक नवी बाटली दिसू लागली आहे. रक्तदाबाच्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या, डोळ्यांत घालायचे थेंब, गुडघ्यांना चोळायचे मलम आणि त्यांच्याच शेजारी गर्द रंगाच्या काचेची, जेमतेम बोटाएवढी कुपी. कोणाच्या मुलाने ती परदेशातून आणलेली असते, कोणाच्या नातीने घरपोच मागवलेली असते. "डॉक्टर, हे लॅव्हेंडरचे तेल. याने शांत झोप लागते म्हणतात. वापरू का?" हा प्रश्न आता वरचेवर विचारला जातो. प्रश्न लहान आहे, परंतु त्याचे प्रामाणिक उत्तर 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही. बाहेर रुग्ण खोळंबलेले असताना जे सविस्तर सांगता येत नाही, ते आज येथे निवांतपणे सांगावे असा विचार आहे.

प्रारंभीच स्पष्ट करते की मी एमबीबीएस झालेली सामान्य वैद्यक आहे, सुगंधोपचाराची तज्ज्ञ नाही. या तेलाची जाहिरात करणे हा माझा हेतू नाही आणि त्याची टिंगल करणे हाही नाही. घरोघरी जे वापरले जाते ते सुरक्षितपणे वापरले जावे, आणि ज्या तक्रारीसाठी ते वापरले जाते त्या तक्रारीकडे दुर्लक्ष होऊ नये, एवढीच माझी तळमळ आहे.

हे तेल म्हणजे नेमके काय?

लॅव्हेंडर ही मूळची भूमध्य समुद्राच्या परिसरातील डोंगराळ भागात उगवणारी, जांभळ्या फुलोऱ्याची झुडुपवजा वनस्पती. आपली तुळस आणि पुदिना ज्या कुळातील, त्याच कुळातील हीदेखील. फ्रान्स आणि बल्गेरिया येथे तिची मोठी लागवड होते. आपल्या देशातही जम्मू-काश्मीरमधील डोडा जिल्ह्यातल्या भदरवाह भागात, जम्मूच्या भारतीय एकात्मिक औषध संस्थेच्या साहाय्याने, अनेक शेतकरी मक्याऐवजी लॅव्हेंडर घेऊ लागले आहेत. 'जांभळी क्रांती' या नावाने तो प्रयोग आपण वृत्तपत्रांतून वाचला असेल.

या फुलोऱ्यातून वाफेच्या साहाय्याने जे सुगंधी द्रव्य काढतात, त्याला आपण सवयीने तेल म्हणतो. प्रत्यक्षात ते खोबरेल किंवा तिळाच्या तेलासारखे तेल नव्हे. खोबरेल तळहातावर घेऊन अंगाला चोळता येते, पोटात गेले तरी अपाय होत नाही. लॅव्हेंडरचे तेल हा अर्क आहे. ढोबळमानाने शंभर किलो ताज्या फुलोऱ्यामागे एक किलोच्या आसपास अर्क हाती येतो. म्हणजे कुपीतील एका थेंबात मूठभर फुलांचा ऐवज एकवटलेला असतो. लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट ही त्यातील दोन प्रमुख द्रव्ये, आणि त्यांचाच तो ओळखीचा, सौम्य गोडसर वास. 'नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक आहे' हा समज येथेच प्रथम बाजूला ठेवावा. कापूरही निसर्गातूनच येतो, आणि तो पोटात गेला तर झटके येऊ शकतात, हे आपण विसरता कामा नये.

विकत घेताना वेष्टनावर लॅव्हंड्युला अँगुस्टिफोलिया हे वनस्पतीचे शास्त्रीय नाव, उत्पादनाची तारीख आणि 'शुद्ध अर्क' असा स्पष्ट उल्लेख आहे ना, हे पाहावे. केवळ 'सुवासिक तेल' असे लिहिलेल्या स्वस्त बाटलीत पुष्कळदा कृत्रिम सुगंध मिसळलेला असतो. तो अगरबत्तीच्या जागी चालेल, अंगाला लावण्यासाठी नाही. लॅव्हेंडरच्याच काही भाईबंद जातींच्या अर्कात कापराचा अंश अधिक असतो. त्यामुळे ज्यांना पूर्वी फेफरे किंवा झटके आले असतील, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याविना कोणताही सुगंधी अर्क वापरू नये.

एक आख्यायिका आणि तिचा उलटा धडा

लॅव्हेंडरच्या तेलाविषयी एक गोष्ट फार सांगितली जाते. रेने-मॉरिस गातफोसे नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा हात प्रयोगशाळेत भाजला, त्याने तो जवळच्या लॅव्हेंडरच्या तेलात बुडवला आणि जखम चमत्कार झाल्यासारखी भरून आली, अशी ती गोष्ट. गातफोसे खरा आहे, १९१० मधला तो अपघातही खरा आहे, आणि १९३७ साली त्याने लिहिलेल्या पुस्तकामुळेच 'अरोमाथेरपी' हा शब्द रूढ झाला. परंतु तेलाच्या पातेल्यात हात बुडवल्याचा भाग पुढे लोकांनी जोडलेला आहे. त्याच्या स्वतःच्या सांगण्यानुसार, भाजलेल्या जखमा नंतर चिघळल्या आणि त्या चिघळलेल्या जखमांवर त्याने लॅव्हेंडरचा अर्क वापरला. तो काळ प्रतिजैविकांच्या आधीचा होता, हेही लक्षात घ्यावे.

मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण या गोष्टीच्या भरवशावर स्वयंपाकघरात भाजलेल्या बोटांवर हे तेल ओतणारी माणसे मी पाहिली आहेत. भाजल्यावर करायची गोष्ट एकच : नळाच्या साध्या, वाहत्या पाण्याखाली तो भाग वीस मिनिटे धरावा. त्यावर तेल, तूप, हळद, दंतमंजन, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. फोड मोठा असेल, किंवा चेहरा, हात, सांधे भाजले असतील, तर थेट दवाखाना गाठावा. मधुमेही व्यक्तीने तर लहानशी भाजही डॉक्टरांना दाखवावी.

उपयोग किती आणि कोणता?

मग या तेलाचा उपयोग काहीच नाही का? आहे. परंतु तो किती आहे, हे नीट समजून घ्यावे.

लॅव्हेंडरच्या वासाने मन किंचित निवते, झोपेची प्रत सुधारल्यासारखी वाटते, असे अनेक लहान-लहान अभ्यासांत दिसले आहे. या अभ्यासांची एक मूळचीच अडचण आहे. एखाद्या गोळीची परीक्षा घेताना निम्म्या लोकांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी देता येते. कोणाला काय मिळाले हे त्यांना कळत नाही. सुगंधाच्या बाबतीत ते कसे साधावे? वास आला की माणसाला कळतेच. त्यामुळे लाभातील किती वाटा तेलाचा आणि किती अपेक्षेचा, हे वेगळे काढणे अवघड जाते. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांवरील सुगंधोपचाराचा जो आढावा कॉक्रेन या ख्यातनाम संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष असा की त्याचा उपयोग होतोच असे ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा नाही.

जर्मनीत लॅव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल मिळते आणि चिंतेच्या विकारासाठी तिचा बऱ्यापैकी अभ्यास झालेला आहे. हे वाचून काही जण विचारतात, "मग कुपीतले दोन थेंब दुधात घातले तर?" कृपा करून तसे करू नये. ती कॅप्सूल ठरावीक प्रतीच्या, ठरावीक मात्रेच्या अर्काची असते आणि औषध म्हणून तयार केलेली असते. बाजारातील कुपी ही हुंगण्यासाठी आणि पातळ करून लावण्यासाठी आहे. ती पोटात घेण्यासाठी नाहीच.

तेव्हा माझे मत असे : हलकी बेचैनी, दिवसभराचा शीण, रात्री अंथरुणावर पडल्यावर मन शांत न होणे, एवढ्यापुरते हे तेल वापरून पाहण्यास हरकत नाही. ते झोपेची गोळी नाही, रक्तदाबाचे औषध नाही, नैराश्यावरचा उपचार नाही आणि स्मृतिभ्रंश थांबवणारे तर मुळीच नाही. चालू असलेले कोणतेही औषध त्याच्या भरवशावर कमी करू नये किंवा सोडू नये.

वापरण्याची रीत

सर्वांत साधी आणि सुरक्षित रीत म्हणजे स्वच्छ रुमालावर किंवा कापसाच्या बोळ्यावर एक थेंब टाकून तो उशाशी, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवणे. थेंब उशीच्या अभ्ऱ्यावर टाकू नये. झोपेत गाल त्यावर घासला तर त्वचा चुरचुरते आणि डोळ्याला लागण्याचीही भीती असते.

विजेवर चालणारे, पाण्याच्या बारीक तुषारांतून सुगंध पसरवणारे उपकरण, ज्याला डिफ्यूझर म्हणतात, तेही आता घरोघरी आले आहे. त्यात दोन-तीन थेंब पुरतात. झोपण्याआधी पंधरा ते तीस मिनिटे ते चालवावे, त्या वेळी खिडकी किलकिली ठेवावी आणि नंतर ते बंद करावे. रात्रभर बंद खोलीत ते चालू ठेवू नये. त्यातील पाणी रोज बदलावे आणि भांडे पुसून कोरडे करावे, अन्यथा त्यात बुरशी धरते. आणि त्याची वायर पलंगापासून स्वच्छतागृहाकडे जाण्याच्या वाटेवर आडवी येत नाही ना, हे पाहावे. रात्री उठलेल्या ज्येष्ठाला वायरीत पाय अडकून पडायला क्षण पुरतो, आणि मांडीच्या हाडाचा खुबा मोडला तर महिनोन्‌महिने अंथरूण सुटत नाही.

अंगाला लावायचे असेल तर अर्क कधीही तसाच लावू नये. ज्येष्ठांची त्वचा पातळ आणि कोरडी झालेली असते. तिच्यासाठी शेकडा एक हे प्रमाण पुरेसे आहे. हिशेब सोपा आहे : चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाचे तेल, आणि त्यात अर्काचा १ थेंब. पहिल्यांदा वापरताना हे पातळ केलेले तेल कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावावे आणि दोन दिवस वाट पाहावी. लाली, खाज, पुरळ आले नाही तरच पुढे जावे.

येथे एक बारकावा आहे. उघडलेल्या बाटलीतील लिनालूलचा हवेशी संबंध येऊन त्याचे रूप बदलते, आणि त्या बदललेल्या द्रव्याने त्वचेला ॲलर्जी होण्याचा संभव वाढतो. म्हणून बाटली गर्द काचेची असावी, झाकण घट्ट असावे, ती उन्हापासून आणि शेगडीच्या उष्णतेपासून दूर ठेवावी. उघडल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून बाटलीला चिकटवावी आणि साधारण वर्षभरानंतर उरलेले तेल टाकून द्यावे. 'महागाचे आहे, संपवून टाकू' हा काटकसरीचा विचार येथे कामाचा नाही.

जखम, शय्याव्रण, इसब, किरणोपचार घेतलेली त्वचा, यांवर तेल लावू नये. मधुमेहींच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत कोणतेच तेल राहू देऊ नये. ओल राहून तेथे त्वचा कुजते. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर ती चोळू नये. तेथे रक्ताची गुठळी झालेली असू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जोर लावून मालीश करू नये, कारण अंगावर काळे-निळे डाग उमटतात. पायांच्या तळव्यांना तेल लावल्यास ते पुसून, मोजे घालूनच आजींना उभे करावे. फरशीवरचा तेलकट पाय आणि ओल्या न्हाणीतला तेलकट पाय, दोन्ही सारखेच घातक.

आंघोळीच्या बादलीत थेंब टाकण्याची पद्धतही मला मान्य नाही. तेल पाण्यात विरघळत नाही. ते वर तरंगते, तसेच्या तसे त्वचेला चिकटते आणि फरशी निसरडी करते. वाफारा घेताना गरम पाण्याच्या पातेल्यात थेंब टाकणेही टाळावे. कापणाऱ्या हातांजवळ उकळत्या पाण्याचे पातेले ठेवणे हीच मुळात धोक्याची गोष्ट आहे.

ज्या चुका डोळ्यांत अंजन घालतात

माझ्या पाहण्यातील एक प्रसंग सांगते. एका आजींची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली होती. त्यांच्या पलंगाशेजारच्या तबकात डोळ्यांचे थेंब आणि सुगंधी तेलाची कुपी शेजारी शेजारी ठेवलेली असे. पहाटेच्या अंधुक उजेडात त्यांनी कुपी उचलली आणि डोळ्यात थेंब सोडला. घरच्यांनी प्रसंगावधान राखून पाण्याने डोळा धुतला आणि तडक नेत्रतज्ज्ञांकडे नेले, म्हणून दृष्टी वाचली. तरीही कित्येक दिवस त्यांना तो डोळा उघडवत नव्हता.

म्हणून पहिला नियम : सुगंधी तेलाची कुपी औषधांच्या तबकात, औषधांच्या डब्यात किंवा उशाशी ठेवायची नाही. तिची जागा वेगळ्या कपाटात, वरच्या खणात, आणि तिच्याभोवती जाड रबर गुंडाळलेले असावे. म्हणजे दिसले नाही तरी हाताला कळते. डोळ्यात गेलेच तर स्वच्छ पाण्याच्या संथ धारेने डोळा पंधरा ते वीस मिनिटे धुवावा, चोळू नये, आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

दुसरा नियम घरातल्या नातवंडांसाठी आणि विस्मरण झालेल्या ज्येष्ठांसाठी. दोघांनाही बाटली तोंडाला लावण्याचा मोह होतो. तेल प्यायले गेले तर उलटी करवू नये. उलटी होताना ते फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. मीठ-पाणी, दूध, ताक असे काहीही न पाजता, बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जावे. गुंगी, खोकला किंवा धाप लागत असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तिसरा नियम अग्नीचा. हा अर्क पेट घेऊ शकतो. समई, निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी यांच्याजवळ त्याची बाटली उघडू नये. आणि ज्या घरात रुग्णाला प्राणवायू चालू आहे, मग तो सिलिंडरचा असो वा यंत्राचा, त्या खोलीत हे तेल आणूच नये. रुग्णाच्या चेहऱ्याला, नाकाच्या नळीला किंवा मास्कला कोणतेही तेल लावू नये. प्राणवायूच्या सान्निध्यात ठिणगी पडली तर तेलकट वस्तू क्षणात भडकते.

चौथा नियम श्वासाचा. दमा, जुनाट खोकला आणि धूम्रपानाने जर्जर झालेली फुप्फुसे असलेल्या काहींना कोणताही तीव्र वास सहन होत नाही. लॅव्हेंडर 'सौम्य' असले तरी अपवाद नाही. छाती भरून आली, घुरघुर वाढली, की उपकरण बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि आपला नेहमीचा पंप वापरावा. घरात मांजर असेल तर तिला त्या खोलीपासून दूर ठेवावे. मांजरांच्या यकृताला असे अर्क नीट पचवता येत नाहीत.

वास न येणे, हेही एक लक्षण

वय वाढते तसे नाक मंदावते. आजींना वास येत नाही म्हणून सूनबाई दोनाचे चार आणि चाराचे आठ थेंब करतात, आणि घरातल्या बाकीच्यांचे डोके दुखू लागते. वाचकहो, थेंब वाढवण्याआधी येथे थांबावे आणि विचार करावा. ज्यांना लॅव्हेंडरचा वास येत नाही, त्यांना उतू जाऊन करपलेल्या दुधाचा, नासलेल्या भाजीचा आणि गळणाऱ्या गॅसचा वास येत असेल का? आपल्या स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. ते नाकाला कळत नसेल, तर एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठाच्या घरी गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवून घेणे हे कोणत्याही सुगंधापेक्षा अधिक निकडीचे आहे.

वास जाण्यामागे साधी सर्दी असू शकते, नाकातील कोंब असू शकतात. कंपवात आणि अल्झायमर या विकारांतही वासाची जाणीव पुष्कळदा अन्य लक्षणांच्या आधीच मंदावते. प्रत्येक वास न येणाऱ्याला हे विकार असतात असे मुळीच नाही, भिण्याचे कारण नाही. परंतु पुढच्या भेटीत डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

झोप का लागत नाही, हे आधी विचारा

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते. 

निवृत्त शिक्षक असलेले एक आजोबा, वय ऐंशीच्या घरात. रात्री सारखे उठतात, चिडतात, अंथरुणात तळमळतात, अशी घरच्यांची तक्रार. सूनबाई मनापासून करणाऱ्या. त्यांनी लॅव्हेंडरचे तेल आणले, डिफ्यूझर आणला, पायांना मालीश केली. दोन-चार रात्री बऱ्या गेल्या आणि मग तळमळ वाढतच गेली. तेलाचे थेंब वाढले, उपकरण रात्रभर चालू राहू लागले. "डॉक्टर, याहून चांगल्या प्रतीचे तेल कोणते?" असे विचारायला त्या आल्या. मी म्हटले, "ताई, तेलाचे नंतर पाहू. आधी आजोबांना पाहू." घरी जाऊन पोटाला हात लावला, तो ओटीपोट कलिंगडासारखे टणक आणि फुगलेले. प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवी तुंबली होती. थेंब थेंब होत असल्यामुळे ती तुंबली आहे हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते, आणि संकोचामुळे आजोबा सुनेला काही बोलले नव्हते. त्याच संध्याकाळी रुग्णालयात नळी घातली. त्या रात्री आजोबा कोणत्याही सुगंधाशिवाय गाढ झोपले.

त्या सूनबाईंना मी दोष देत नाही. त्यांनी प्रेमानेच सारे केले. परंतु झोप न लागणे हा बहुधा स्वतंत्र आजार नसतो, तो एखाद्या त्रासाचा निरोप असतो. सुगंधाने तो निरोप झाकला गेला तर नुकसान होते. म्हणून कुपी उघडण्याआधी काही प्रश्न विचारावेत. रात्री कुठे दुखते का? लघवी साफ होते का, किती वेळा उठावे लागते? आडवे पडल्यावर धाप लागते का, दोन-तीन उशा लागतात का, पायांवर सूज आहे का? असल्यास हृदयाची तपासणी तातडीची आहे. लघवी वाढवणारी गोळी चुकून संध्याकाळी तर घेतली जात नाही ना? दुपारी दोन-दोन तास झोप होते का? संध्याकाळचा चहा किती वाजता? जोडीदार गेल्यापासून, किंवा मुले दूर गेल्यापासून, मन उदास असते का? पहाटे तीनला जाग येऊन नको नको ते विचार येतात का?

आणि एक इशारा विशेष महत्त्वाचा. कालपर्यंत नीट बोलणारी ज्येष्ठ व्यक्ती एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलू लागली, माणसे ओळखेना, रात्री भास होऊ लागले, तर 'वय झाले' असे म्हणून सोडू नये आणि तेल लावून शांत करण्याचाही प्रयत्न करू नये. मूत्रमार्गातील किंवा फुप्फुसातील संसर्ग, रक्तातील सोडियम किंवा साखर उतरणे, एखाद्या नव्या औषधाचा परिणाम, अशी कारणे त्यामागे असतात. त्यांपैकी पुष्कळशी वेळेत उपचार झाले तर पूर्ण बरी होणारी आहेत. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

शुश्रूषा करणाऱ्या हातांसाठी

माझ्या आईला अखेरची काही वर्षे कंपवात होता. तिची वासाची जाणीव पूर्णपणे गेली होती. मोगऱ्याचा गजरा नाकाशी धरला तरी तिला काही कळत नसे. माझ्या भाचीने आणून दिलेल्या लॅव्हेंडरच्या कुपीतील एक थेंब खोबरेलात मिसळून मी रोज रात्री दहा-पंधरा मिनिटे तिच्या हातांना, मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत, सावकाश लावत असे. ती हळूहळू निवायची, श्वास संथ व्हायचा, कधी एखादी जुनी आठवण सांगायची. पुढे कुपी संपली आणि मी नुसतेच खोबरेल लावू लागले. तिला फरक कळला नाही. ती तशीच निवत राहिली.

त्यावरून मी माझ्यापुरता एक निष्कर्ष काढला आहे. तो विज्ञानाचा नाही, अनुभवाचा आहे. लॅव्हेंडरच्या निमित्ताने आपण पंधरा मिनिटे पंखा मंद करतो, दूरदर्शन संच बंद करतो, मोठा दिवा मालवतो, जवळ बसतो आणि हातात हात घेतो. लाभातला मोठा वाटा या गोष्टींचा असावा. आजारपणात माणसाला स्पर्श होतो तो नाडी पाहण्यासाठी, सुई टोचण्यासाठी, कूस बदलण्यासाठी. काही कामाविना झालेला स्पर्श दुर्मीळ होऊन बसतो. ज्यांना लॅव्हेंडर परके वाटते त्यांच्यासाठी ओळखीचा वास निवडावा. वाळा, बकुळीची फुले, ओंजळभर मोगरा यांतले जे त्यांच्या माहेरच्या, शाळेच्या, देवघराच्या आठवणीतले असेल ते. विस्मरण झालेल्या व्यक्तीला जांभळ्या कुपीतला वास काहीच सांगणार नाही कदाचित, पण बकुळीची वाळकी फुले एखादे अंगण उभे करतील.

आणि जे शुश्रूषा करतात, त्यांनी स्वतःचीही विचारपूस करावी. रात्र-रात्र जागून तुमचे डोके जड झाले असेल, चिडचिड होत असेल, तर तो थेंब स्वतःच्या रुमालावर टाकायला काहीच हरकत नाही. मात्र त्याहून अधिक गरज आहे ती आठवड्यातून एखादी रात्र दुसऱ्या कोणी जागण्याची. भाऊ, बहीण, जाऊ, शेजारी, कोणालाही ते स्पष्ट शब्दांत सांगावे. त्यात कमीपणा नाही. थकलेल्या हातांकडूनच गोळ्या चुकतात आणि कुप्यांची अदलाबदल होते.

तेव्हा आज रात्री एवढेच करावे. घरात कुपी असेल तर ती औषधांच्या तबकातून उचलून वेगळ्या जागी ठेवावी. तिच्यावर तारीख लिहावी. आई-वडिलांना झोप लागत नसेल तर का लागत नाही, हे त्यांच्या शेजारी बसून, घाई न करता विचारावे, आणि जे उत्तर मिळेल ते पुढच्या वेळी आपल्या डॉक्टरांना जसेच्या तसे सांगावे. त्यानंतर एक थेंब रुमालावर टाकावा, वाटल्यास.